भावाच्या अपिलाबद्दल एका बहिणीला: ओळख परेड, कोयता आणि साडेआठ हजार रुपये

वाळवा तालुक्यातून एका बहिणीचं पत्र आलं आहे. पाच पानांचं आहे, इथे थोडक्यात देते.

"माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आमच्या भागात रात्री सव्वाआठला पेट्रोल पंपाच्या मॅनेजरना दोन मोटारसायकलींवरच्या तिघांनी अडवलं आणि कोयता दाखवून दोन लाख चाळीस हजारांची बॅग पळवली. कुणाला खरचटलंही नाही. नऊ दिवसांनी भावाला भरदुपारी घरातून नेलं, गल्लीतले सगळे बघत होते. संध्याकाळी त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला. सत्तेचाळीस दिवसांनी ओळख परेड झाली. भाऊ आणि दुसरा आरोपी एकाच रांगेत होते, सोबत बाहेरचे सहा जण. मॅनेजरनी दोघांनाही ओळखलं. आमच्या उसाच्या बांधावरून एक कोयता आणि भावाच्या पेटीतून साडेआठ हजार रुपये जप्त केले. एक पंच कोर्टात उलटला. ढाब्याचा कॅमेरा आहे, पण त्यात चेहरा दिसत नाही. फोनचं लोकेशन तिथलंच आहे म्हणतात. गेल्या महिन्यात सत्र न्यायालयाने ३९२, ३९७ सह ३४ खाली सात वर्षं दिली. भाऊ चौदा महिने कच्चा कैदी होता, मग जामिनावर होता, आता कळंब्याच्या तुरुंगात आहे. त्या संध्याकाळी तो तासगावला मामेबहिणीच्या साखरपुड्यात होता, पण कोर्टात तो 'खोटं आहे' यापलीकडे काही बोलला नाही. अपील करावं का? केलं तर शिक्षा वाढेल का? वीस गुंठे विकायला काढलेत. आणि मी स्वतः मॅनेजरसाहेबांच्या पाया पडायला जाऊ का?"

ताई,

सगळ्यात आधी तारीख बघा. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली की उच्च न्यायालयात अपील करायला साठ दिवस मिळतात. त्यातला महिना गेला आहे. निकालाची एक प्रत आरोपीला विनामूल्य मिळते आणि नकलेला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. उशीर झालाच तर माफीचा अर्जही करता येतो. पण ती वेळ येऊ देऊ नका. सांगली जिल्ह्याची अपिलं १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे प्रत्येक तारखेला मुंबईची रात्रीची गाडी धरायची गरज राहिलेली नाही.

अपील जरूर करा. शिक्षा वाढेल ही भीती मनातून काढून टाका. भावाने स्वतः केलेल्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही. ती वाढवून हवी असेल तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं.

आता मुद्द्याचं बोलू. "माझा भाऊ असा नाही" असं तुम्ही पत्रात सहा वेळा लिहिलं आहे. माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण कोल्हापुरात न्यायमूर्तींसमोर हे वाक्य कामाचं नाही. त्यांच्यासमोर असेल ते खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड: फिर्याद, पंचनामे, परेडचं टिपण, प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी आणि उलटतपासणी. पहिल्या अपिलात उच्च न्यायालय हा सगळा पुरावा नव्याने तपासू शकतं, आणि ते त्याचं कामच आहे. म्हणून मेहनत कागदांवर करा. निकालाची प्रत तुमच्याकडे आहेच. आता सगळ्या साक्षींच्या आणि निशाणी, म्हणजे कोर्टाचा पुरावा-क्रमांक, पडलेल्या सगळ्या कागदांच्या नकला काढा. दोनशे पानं झाली तरी काढा.

तुमच्या भावाचा खटला एकाच प्रश्नावर उभा आहे. लूट झाली, यात वाद नाही. मॅनेजर खोटं बोलतात असं मला वाटत नाही आणि तुमच्या वकिलांनीही तसं म्हणू नये. प्रश्न एवढाच आहे की लुटणारा तोच होता हे संशयापलीकडे सिद्ध झालं का. प्रामाणिक माणूस चुकीच्या माणसाला ओळखू शकतो. शपथेवर, डोळ्यांत पाणी आणून ओळखू शकतो. इंग्लंडमध्ये १८९६ साली अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला अनेक बायकांनी एकामागून एक ओळखलं, "यानेच फसवून आमचे दागिने नेले." त्याला सात वर्षं सक्तमजुरी झाली. ती भोगून बाहेर आल्यावर १९०४ मध्ये पुन्हा तेच घडलं. तो आत असताना तशाच फसवणुकी करताना खरा गुन्हेगार सापडला, म्हणून बेक सुटला. त्यातल्या कुठल्याच बाईने मुद्दाम खोटं सांगितलं नव्हतं. या प्रकरणानंतर १९०७ मध्ये तिथे फौजदारी अपिलासाठी वेगळं न्यायालय उभं राहिलं. चुकीच्या ओळखीतून अपिलाची वाट निघाली, हे मला आजही फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून पहिल्यांदा फिर्याद काढा आणि मॅनेजरच्या कोर्टातल्या साक्षीशेजारी ठेवा. तुम्ही पत्राच्या चौथ्या पानावर जाता जाता लिहिलं आहे की फिर्यादीत "तिघांच्या तोंडाला रुमाल बांधलेले" असं आहे. कोर्टात मात्र मॅनेजर म्हणाले की गाडी आडवी घालणाऱ्याचा रुमाल झटापटीत खाली आला आणि मला चेहरा दिसला. ताई, हे वाक्य लाल शाईने अधोरेखित करा. रुमाल खाली आला ही घटना त्या रात्री दिलेल्या फिर्यादीत आहे का? नंतरच्या पुरवणी जबाबात आहे का? दोन्हीकडे नसेल, तर ती कोर्टात वाढवून सांगितलेली गोष्ट ठरते आणि सगळी ओळख तिच्यावरच टांगलेली आहे. फक्त एक अट आहे. उलटतपासणीत तुमच्या वकिलांनी मॅनेजरना ती जागा दाखवून "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं" असं विचारलेलं असावं, आणि तपासी अंमलदाराच्या साक्षीत ती वगळलेली बाब सिद्ध करून घेतलेली असावी. साक्षीच्या नकलेत ते दोन प्रश्न शोधा. सापडले तर अपिलाचा कणा मिळाला असं समजा. नाही सापडले तरी फिर्यादीला निशाणी पडलेली आहे, त्यातला मजकूर न्यायमूर्ती स्वतः वाचू शकतात. मात्र मग तेवढा जोर राहत नाही.

त्याच साक्षीत उजेडाबद्दल काय आहे तेही बघा. नोव्हेंबरमध्ये सव्वाआठला गडद अंधार असतो. रस्त्याला दिवा होता का, की फक्त स्कूटरचा हेडलाइट? घटनास्थळाच्या पंचनाम्यात विजेच्या खांबाचा उल्लेख आहे का? मॅनेजरना चष्मा आहे का, त्या वेळी होता का? सगळं किती सेकंदांत झालं? हातात कोयता असला की माणसाची नजर कोयत्यावर खिळते, चेहऱ्यावर नाही. फिर्यादीत वय, उंची, बांधा, कपडे यांतलं काय दिलं आहे ते एका कागदावर उतरवा आणि त्याशेजारी तुमच्या भावाचं वर्णन लिहा. फिर्यादीत नुसतं "अनोळखी तीन इसम" असेल, तर ज्याचं वर्णनही करता आलं नव्हतं तो माणूस सत्तेचाळीस दिवसांनी कसा ओळखू आला, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आता परेड. मी सांगलीच्या बाजूला पंचवीस वर्षं फौजदारी वकिली केली. परेडची टिपणं इतकी वाचली की त्यांचा छापील साचाच पाठ झाला. साचा नेहमी निर्दोष असतो: "संशयिताशी साधर्म्य असलेले इसम निवडले. संशयितास जागा व कपडे बदलण्याची मुभा दिली. संशयिताने हरकत घेतली नाही." एका खटल्यात मात्र नायब तहसीलदार साक्षीला आले तेव्हा मी एवढंच विचारलं, की बाहेरचे सहा जण तुम्ही कुठून आणले. ते म्हणाले, तहसील कचेरीतले आणि चहाच्या टपरीवरचे. वयं? पस्तीस ते पन्नास. माझा अशील बावीस वर्षांचा होता, महिन्याची दाढी वाढलेली, पायात स्लीपर. बाकी सगळे इस्त्रीच्या शर्टात आणि बुटांत. त्या रांगेत कच्चा कैदी कोणता, हे कधीच न भेटलेल्या माणसानेही सांगितलं असतं.

तुमच्या प्रकरणात तर रांगेतला दोष कागदावरच दिसतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये परेडच्या सूचना आहेत. एक संशयित असेल तर निदान सहा साधर्म्य असलेली माणसं, दोन असतील तर दहा-बारा, आणि दोनपेक्षा जास्त संशयित एका रांगेत घ्यायचेच नाहीत. परेडच्या वेळी पोलिसांनी तिथे थांबायचं नाही. तुमच्याकडे दोन संशयित आणि सहा जण होते. म्हणजे आठांत दोन. डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारात एकदा ते संशयितावर पडेल.

पण फार हुरळून जाऊ नका. या सूचना मोडल्या म्हणून परेड आपोआप बाद होत नाही, तिचं वजन कमी होतं. सत्तेचाळीस दिवसांचा उशीरही एकटा पुरेसा नाही, कारण कायद्यात परेडसाठी ठराविक दिवस नाहीत. उशिराचं कारण पोलिसांनी दिलं का आणि त्या दिवसांत मॅनेजरना भाऊ दिसायची संधी होती का, हे दोन्ही मिळून बघतात. आणि परेड हा मूळ पुरावाच नाही. मूळ पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात उभं राहून केलेली ओळख. परेड फक्त तिला टेकू देते. टेकू कच्चा निघाला की खटल्यात वर्षांनंतर पिंजऱ्याकडे बोट दाखवून केलेली ओळख एकटी पडते. तिथे तर आरोपीच्या जागी कोण बसलं आहे हे सगळ्यांनाच दिसतं.

या सगळ्यात ग्रुपवर फिरलेला फोटो सर्वांत मोठा. परेडआधी साक्षीदाराने फोटो पाहिला असेल तर परेडला अर्थ उरत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. अडचण एकच. मॅनेजर त्या ग्रुपवर होते का, त्यांनी फोटो पाहिला का, हे उलटतपासणीत विचारलं गेलं का? विचारलं असेल आणि त्यांनी "गावात चर्चा होती" असं अर्धवट जरी उत्तर दिलं असेल तरी ते सोनं आहे. भावाला घरातून काढताना तोंडावर बुरखा घातला होता का, हे तपासी अंमलदाराला विचारलं का, तेही बघा. अटक पंचनाम्यात आणि स्टेशन डायरीतल्या नोंदीत त्याचा उल्लेख हवा. "आरोपीस बुरखा घालून ठेवण्यात आले" असं एक वाक्य कुठेच नसेल, तर ते नसणंही तुमच्या वकिलांनी दाखवून द्यावं.

तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही. मी ती वाचली आणि उठून बसले. मॅनेजर म्हणतात, कोयता मागे बसलेल्याने दाखवला. तुमच्या भावाला त्यांनी ओळखलं ते "गाडी आडवी घालणारा" म्हणून. मग ३९७ त्याला लागलं कसं?

समजावून सांगते. जबरी चोरीची शिक्षा ३९२ मध्ये आहे. दहा वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्तानंतर हमरस्त्यावर असेल तर चौदापर्यंत. पण खालची मर्यादा नाही, न्यायाधीश कमीही देऊ शकतात. ३९७ हा वेगळा गुन्हा नाही. जबरी चोरी करताना जो गुन्हेगार प्राणघातक हत्यार वापरतो, त्याला सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा द्यायची नाही, एवढंच ते कलम सांगतं. तुमच्या भावाला नेमकी सातच वर्षं झाली, म्हणजे न्यायाधीशांचे हात या कलमाने बांधले होते. पण हे कलम ज्याने हत्यार वापरलं त्याच्यापुरतं आहे. ३४ चा, म्हणजे समान इराद्याचा दोर बांधून ते साथीदाराला लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये फूलकुमार खटल्यात हे सांगितलं आणि २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्याच फूलकुमार निकालात असंही आहे की हत्यार नुसतं दाखवून धाक घातला तरी तो वापरच. म्हणून "कुणाला खरचटलंही नाही" या मुद्द्यावर श्रम घालवू नका, तो चालणार नाही. कोयता कोणाच्या हातात होता, हा मुद्दा चालेल. नव्या भारतीय न्याय संहितेत हीच कलमं ३०९ आणि ३११ झाली आहेत, पण घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असल्याने गुन्ह्यासाठी जुनंच दंडविधान लागू राहतं.

म्हणून अपिलात ओळखीचा प्रश्न दोन पायऱ्यांवर मांडायला सांगा. पहिली पायरी: तो तिथे होता हेच सिद्ध नाही, सोडून द्या. दुसरी: न्यायालयाला तो तिथे होता असं वाटलंच, तरी कोयता त्याच्या हातात नव्हता, हे सरकारचाच साक्षीदार सांगतो, म्हणून ३९७ काढा आणि शिक्षा कमी करा. दुसरी पायरी मांडली म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही. वकील रोज असं पर्यायी म्हणणं मांडतात. भावाला हे आधी नीट समजावून सांगा, नाहीतर त्याला वाटेल घरच्यांनीही हात टेकले.

जप्तीचं बघू. साडेआठ हजार रुपये टेम्पो ड्रायव्हरच्या पेटीत असणं यात नवल काय? त्या नोटांवर बँकेची पट्टी होती का, पंपाची चिठ्ठी होती का, मॅनेजरनी नोटांचे नंबर दिले होते का? चोरीचा माल चोरीनंतर लगेच जवळ सापडला तर ताबेदाराविरुद्ध अनुमान काढता येतं, पण आधी तो माल तोच आहे हे दाखवावं लागतं. नोट नोटेसारखीच दिसते. भावाच्या ट्रिपांचे पैसे कोण देतं, त्याची वही आहे का, ते शोधून ठेवा.

कोयत्याचंही तसंच. ऊसपट्ट्यात कोयता नसलेलं घर दाखवा. मॅनेजरना कोर्टात तो दाखवला तेव्हा "हाच" म्हणाले की "असाच"? त्यावर काही खूण होती का? तो काढून देण्याच्या पंचनाम्याचे दोन भाग असतात. आधी मेमोरंडम, म्हणजे आरोपी पंचांसमोर काय बोलला ते, आणि मग जागेवर जाऊन केलेली जप्ती. पोलिसांपुढच्या बोलण्यातला फक्त तेवढाच भाग पुराव्यात येतो ज्यामुळे वस्तू सापडली. "मी हा कोयता बांधावर ठेवला आहे" हे येईल. "याच कोयत्याने मॅनेजरला धमकावलं" हे येणार नाही. १९४७ च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालापासून हा नियम पक्का आहे. तुमच्या निकालपत्रात न्यायाधीशांनी ते दुसरं वाक्य विचारात घेतलं आहे का, ते शोधा. घेतलं असेल तर तो अपिलाचा स्वच्छ मुद्दा. बांध सगळ्यांना मोकळा आहे, हा मुद्दा आहे पण मध्यम. उघड्या जागेतही लपवून ठेवलेली वस्तू एकालाच ठाऊक असू शकते, असं न्यायालयं म्हणतात. एक पंच उलटला याचाही फार आधार धरू नका. तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह वाटली तर त्यावरही जप्ती टिकते. मेमोरंडमची वेळ आणि जप्तीची वेळ यांत किती अंतर आहे, तेवढ्यात पोलीस ठाण्यातून तुमच्या बांधावर पोचता येतं का, हे मात्र घड्याळ लावून बघा. पंचनाम्यातल्या वेळा पुष्कळदा बोलतात.

मोबाइलच्या लोकेशनची गोष्ट सोपी आहे. टॉवर परिसर दाखवतो, माणूस नाही. तुम्ही लिहिलं आहे की घटनास्थळ तुमच्या घरापासून तीन किलोमीटरवर आहे. त्या टॉवरच्या टप्प्यात तुमचं घर येतं का? येत असेल तर महिन्यातल्या प्रत्येक रात्री भावाचा फोन तिथेच दिसेल. त्या कागदांत आधीच्या आठवड्याच्या नोंदी असतील तर वकिलांना त्या उघडून दाखवायला सांगा. मात्र इथे एक गाठ आहे. फोन त्या परिसरात असेल तर तो तासगावच्या साखरपुड्यात नव्हता. भाऊ फोन घरी ठेवून गेला होता का? या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात, आणि सरकारी वकिलांच्या हे पहिल्या दहा मिनिटांत लक्षात येईल. भावाला खरं काय ते विचारा. रागावू नका, पण खरं काय तेच विचारा.

ढाब्याच्या कॅमेऱ्याचं चित्रण मूळ यंत्रासकट आलं नसेल आणि पेन ड्राइव्हवर आलं असेल, तर त्यासोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र लागतं. हे आपल्याच जालन्याच्या निवडणुकीवरून गाजलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितलं. पण प्रमाणपत्र नाही अशी हरकत पेन ड्राइव्हला निशाणी पडत असतानाच घ्यायची असते. तेव्हा तुमचे वकील गप्प राहिले असतील तर आता ऐकून घेतलं जाईलच असं नाही. चेहरा दिसत नसल्याने मी त्या चित्रणाला फार महत्त्वही देणार नाही.

साखरपुड्याबद्दल तुम्हाला कडू वाटेल ते सांगते. आपण दुसरीकडे होतो हे म्हणणं आरोपीनेच सिद्ध करायचं असतं, आणि ते जितकं उशिरा पुढे येईल तितकं अविश्वसनीय वाटतं. अपिलात नवा पुरावा घेता येतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३९१, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३२. पण खालच्या कोर्टात राहून गेलेल्या फटी बुजवायला तो सहसा मिळत नाही. आधी का आणला नाही, याचं पटणारं कारण द्यावं लागतं. नातेवाइकांची दहा प्रतिज्ञापत्रं करून जोडाल तर उलट बाकीच्या चांगल्या मुद्द्यांचंही वजन जाईल. कुणाच्या मोबाइलमध्ये भावाचा त्या संध्याकाळचा फोटो असेलच, तर तो फोन जसाच्या तसा जपा. विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवलेल्या प्रतीत फोटो कधी काढला ही आतली नोंद राहत नाही, मूळ फोनमध्येच ती असते. आणि तासगावहून घटनास्थळी मोटारसायकलने किती वेळ लागतो ते आधी स्वतः मोजा. दुपारी चारचा फोटो रात्री सव्वाआठबद्दल काहीच सांगत नाही.

भाऊ "खोटं आहे" एवढंच बोलला, याचं ओझं मनावर घेऊ नका. गप्प राहणं हा त्याचा हक्क होता, आणि गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारचीच असते. उलट साक्षी संपल्यावर न्यायाधीशांनी त्याला विचारलेल्या प्रश्नांचे आणि त्याच्या उत्तरांचे कागद काढा. आरोपीविरुद्ध जी जी गोष्ट वापरायची ती त्याला तिथे विचारावी लागते. पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न विचारलेली बाब त्याच्याविरुद्ध धरता येणार नाही. फोनच्या लोकेशनबद्दल, परेडबद्दल भावाला प्रश्न होता का, तो शोधा.

जमीन विकू नका, ताई. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मधला आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, मग त्याचं उत्पन्न कितीही असो. सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. भाऊ कारागृह अधीक्षकांमार्फत तुरुंगातूनही अपील पाठवू शकतो. खाजगी वकील करायचाच असेल तर ज्याने निकाल पूर्ण वाचून तुम्हाला तीन प्रश्न विचारले तो करा. "पाच लाख द्या, सोडवून आणतो" म्हणणाऱ्याच्या दारातून परत या.

अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज करायला सांगा. अपिलाची अंतिम सुनावणी यायला वर्षं लागतात, तोवर सात वर्षांतली बरीच आत जातील. भगवान रामा शिंदे गोसाई विरुद्ध गुजरात या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ठराविक मुदतीची शिक्षा असेल आणि काही अपवादात्मक कारण नसेल, तर असा अर्ज उदारपणे पाहावा. तिथेही शिक्षा ३९२ आणि ३९७ खालचीच होती. भाऊ खटल्यादरम्यान जामिनावर असताना प्रत्येक तारखेला हजर राहिला असेल तर ते अर्जात लिहा. चौदा महिने कच्च्या कैदेत गेले तेही शिक्षेतून वजा होतात.

आणि मॅनेजरसाहेबांकडे जाऊ नका. पाया पडायलाही नाही, मध्यस्थ पाठवूनही नाही. जबरी चोरीत फिर्यादीला तडजोड करता येत नाही, म्हणून त्यांनी माफ केलं तरी शिक्षा तशीच राहते. तुमचं जाणं साक्षीदारावर दबाव म्हणून नोंदलं गेलं तर जामिनाच्या अर्जावर पाणी पडेल. शिवाय त्या माणसाच्या मानेसमोर अंधारात कोयता आला होता. त्यांच्या दारात तुम्ही उभ्या राहिलात तर त्यांना ती रात्रच आठवेल.

कळंब्याला पुढच्या भेटीला जाल तेव्हा अपिलाचा निकाल काय लागेल यावर वेळ घालवू नका. वही घेऊन आत जाऊ देणार नाहीत, म्हणून प्रश्न पाठ करून जा. परेडच्या दिवशी त्याच्या अंगात कोणता शर्ट होता, दाढी किती वाढलेली होती, पायात काय होतं. शेजारी उभे असलेले सहा जण कसे दिसत होते, त्याच्या वयाचा त्यांत एक तरी होता का. रांगेत आणायच्या आधी त्याला कुठे बसवलं होतं आणि तिथून मॅनेजर ये-जा करताना दिसले का. बाहेर आल्या आल्या बसस्टँडवर बसून त्याच्याच शब्दांत सगळं लिहून काढा, आणि ते कागद परेडच्या टिपणाच्या नकलेला टाचणी लावून वकिलांच्या हातात द्या.